आधी खोली, मग बाकीचे

रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला पुन्हा उभे करायचे म्हणजे काय करायचे, याचा एक क्रम आपल्या मनात पक्का बसलेला असतो. आधी आंघोळ, दाढी, धडके कपडे. मग दवाखाना. दारू असेल तर ती सोडवायची, मनाचा आजार असेल तर औषधे सुरू करायची. मग एखादे काम शिकवायचे, मेणबत्त्या किंवा कागदी पिशव्या. हे सगळे त्याने नीट पार पाडले, तर शेवटी राहायला जागा. घर ही शिडीची शेवटची पायरी. ते कमवायचे असते.

ऐकायला हा क्रम अगदी रास्त वाटतो. अडचण एवढीच की शिडीची पहिली पायरी चढायलाच घर लागते. बेघरांच्या आरोग्यावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे काम झाले, त्याने ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी तपासून पाहिली आहे.

फुटपाथवरची गोळी

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी सांख्यिकी कार्यालय बेघर व्यक्तींच्या मृत्यूंचा हिशेब ठेवत असे. २०१८ सालच्या नोंदींनुसार तिथे बेघर पुरुषाचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ४५ होते आणि बेघर स्त्रीचे ४३. सर्वसाधारण लोकसंख्येत हेच आकडे ७६ आणि ८१ होते. म्हणजे तीन ते जवळपास चार दशकांचे आयुष्य वजा. मोफत सरकारी आरोग्यसेवा असलेल्या देशातली ही स्थिती आहे.

मोफत औषध हाती आले तरी ते घेता येतेच असे नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी दिली, तर दिवसभर स्वच्छतागृह शोधायचे कुठे? इन्शुलिनची कुपी थंड ठेवायची कुठे? क्षयरोगाची औषधे किमान सहा महिने चुकवून चालत नाहीत. पण महापालिकेच्या गाडीने एका सकाळी पथारी उचलून नेली की औषधे, रिपोर्ट आणि आधार कार्ड एकाच गाठोड्यात जातात. सरकार क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा पैसे देते, ते थेट बँक खात्यात जमा होतात, आणि खाते काढायला पत्ता लागतो.

मनाच्या गंभीर आजारावरच्या औषधांचे दुखणे आणखी वेगळे. स्किझोफ्रेनियावरच्या अनेक गोळ्यांनी गाढ झोप येते. घरात झोपणाऱ्याला ती सुखाची वाटेल. पण स्टेशनबाहेर एकटी झोपणारी बाई गाढ झोपणे परवडत नाही म्हणून गोळी टाळते. केसपेपरवर ‘रुग्ण औषधे घेत नाही’ एवढेच लिहिले जाते. तिच्या जागी कुणीही शहाणा माणूस तेच करील.

झोपेबद्दल चेन्नईत झालेला एक अभ्यास मुद्दाम पाहण्यासारखा आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अल्प उत्पन्न गटातले साडेचारशे प्रौढ स्त्री-पुरुष होते. हे लोक बेघर नव्हते, लहानशा घरांत राहणारे होते. मनगटी यंत्राने त्यांची झोप मोजली तेव्हा दिसले की ते रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असतात, पण प्रत्यक्ष झोपतात साडेपाच तास. उकाडा, डास, आवाज. डोळ्यांवरची पट्टी, पंखा वगैरे देऊन रात्रीची झोप जवळपास अर्ध्या तासाने वाढवली, तरी दिवसाच्या कामात फरक पडला नाही. ती वाढलेली झोपही तुटकच होती. उलट कामाच्या जागी दुपारी शांतपणे अर्धा तास डुलकी घेऊ दिली, तेव्हा कामाचा वेग, लक्ष आणि मनःस्थिती सुधारली. चार भिंतींत राहणाऱ्यांची ही कथा. उड्डाणपुलाखाली झोपणारा माणूस सकाळी आठला नाक्यावर तरतरीत चेहऱ्याने उभा राहील आणि मुकादम त्यालाच आधी उचलेल, ही अपेक्षा किती खरी आहे ते यावरून कळते.

शिडी उलटी केली तेव्हा

१९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने ‘पाथवेज टू हाउसिंग’ नावाची संस्था सुरू केली. रस्त्यावर राहणाऱ्या, गंभीर मानसिक आजार असलेल्या आणि पुष्कळदा व्यसनही असलेल्या लोकांना तिने थेट भाड्याचे घर दिले. वसतिगृह नव्हे, सर्वसाधारण इमारतीतले, स्वतःची किल्ली असलेले घर. अटी दोनच होत्या. जे काही उत्पन्न असेल, बहुधा सरकारी भत्ता, त्याचा सुमारे तिसरा हिस्सा भाड्यात द्यायचा आणि संस्थेच्या माणसाला नियमित भेटू द्यायचे. औषध घेतलेच पाहिजे, दारू सोडलीच पाहिजे, अशी अट नव्हती. उपचार मागितले की लगेच मिळत, पण घर त्यावर टांगलेले नव्हते.

त्या वेळी हा वेडेपणा वाटला होता. ‘पितात, भ्रम होतात, आणि त्यांच्या हातात किल्ली?’ पण पाच वर्षांनंतरचा हिशेब २००० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा या भाडेकरूंपैकी ८८ टक्के घरात टिकून होते. शहराच्या नेहमीच्या पायरी-पायरीच्या व्यवस्थेत हे प्रमाण ४७ टक्के होते.

एका संस्थेच्या यशावर विसंबणे शास्त्राला मंजूर नाही. म्हणून कॅनडाने मोठा प्रयोग केला. २००९ ते २०१३ या काळात व्हँकुव्हर, विनिपेग, टोरांटो, माँट्रियल आणि माँक्टन या पाच शहरांत दोन हजारांहून अधिक बेघर, मानसिक आजार असलेल्या व्यक्तींची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी झाली. काहींना आधी घर आणि सोबत मदत, बाकीच्यांना नेहमीच्या सेवा. नव्या औषधाची चाचणी जशी होते, तशीच ही घराची चाचणी. शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातले ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात होते. दुसऱ्या गटातले ३१ टक्के. फिनलंडने तर २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केले. हेलसिंकीतले रात्रनिवारे मोडून तिथे भाडेकरारासह छोटी घरे बांधली. १९८०च्या दशकात त्या देशात सुमारे १८ हजार बेघर होते. २०२३ मध्ये ही संख्या साडेतीन हजारांच्या आत आली. त्यानंतर ती पुन्हा थोडी वाढली, हेही सांगायला हवे.

आता या पद्धतीचे पाठीराखे सहसा हळू आवाजात सांगतात ती गोष्ट. घर मिळाले, टिकले; पण नोकरी आपोआप आली नाही. कॅनडाच्या चाचणीत घर मिळालेल्यांचे रोजगाराचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा वाढले नाही. व्यसन आणि आजाराची लक्षणे यांतही दोन गटांत फारसा फरक दिसला नाही. आणि त्यात आश्चर्य नाही. दहा वर्षे रस्त्यावर काढलेल्या माणसाला छप्पर मिळाले म्हणजे त्याच्या कामाच्या इतिहासातली दहा वर्षांची पोकळी भरत नाही. काम हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळे उत्तर लागते.

आधी नोकरी, मग शिक्षण

ते उत्तरही उलट्या शिडीचेच निघाले. मानसिक आजारातून सावरणाऱ्यांना कामाला लावण्याची जुनी रीत म्हणजे संरक्षित कार्यशाळा. तिथे महिनोन्महिने प्रशिक्षण घ्यायचे, ‘तयार’ झालात की बाहेरची नोकरी. प्रत्यक्षात बहुतेक जण तयारच होत राहतात. १९९०च्या दशकात अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी दुसरी वाट घालून दिली. ज्याला काम करायचे आहे त्याला लगेच, बाजारातल्या खऱ्या पगाराचे, त्याच्या आवडीचे काम शोधून द्यायचे. शिकणे त्या कामावरच व्हायचे. आणि नोकरी लागल्यावर मदत थांबवायची नाही, उलट तिथून खरी सुरू करायची.

२००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेली चाचणी यासाठी महत्त्वाची. लंडन, उल्म, रिमिनी, झुरिक, ग्रोनिंगेन आणि सोफिया या युरोपातल्या सहा शहरांत ३१२ रुग्णांवर ती झाली. या पद्धतीने मदत मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांनी दीड वर्षात कधी ना कधी खरी नोकरी केली. प्रशिक्षण आधी देणाऱ्या केंद्रांतले प्रमाण २८ टक्के. कामाच्या ताणाने आजार उलटेल ही डॉक्टर आणि नातेवाईक या दोघांचीही भीती. घडले उलटेच. नोकरीच्या गटात पुन्हा रुग्णालयात भरती व्हावे लागलेले कमी होते, २० टक्के विरुद्ध ३१ टक्के.

या पद्धतीत एक नोकरी-सोबती असतो. तो मानसोपचार पथकातच बसतो, आणि या पद्धतीचा बराचसा गुण त्या एका गोष्टीत आहे. सकाळी सातच्या पाळीला माणूस पेंगतो, असे त्याने डॉक्टरांच्या कानावर घातले की रात्रीची गोळी लवकर घ्यायला सांगता येते किंवा मात्रा बदलता येते. मालकाला आजाराबद्दल सांगायचे की नाही, किती सांगायचे, हे तो माणसाबरोबर बसून ठरवतो. सुरुवातीला दिवसाचे तीन-चार तास पुरतात का, ते पाहतो. पहिला पगार हा सर्वांत नाजूक दिवस असतो, हे त्याला ठाऊक असते. त्या संध्याकाळी तो मुद्दाम सोबत चहाला जातो. पहिली नोकरी टिकली नाही तर दुसरी शोधायची, तीही तशीच. नोकरी सुटणे हे अपयश मानून फाइल बंद करायची नाही.

आपल्याकडची गाठ

२०११च्या जनगणनेत देशात १७ लाख ७० हजारांहून अधिक लोक बेघर नोंदले गेले; महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक. पुलाखाली, दुकानाच्या पायरीवर एका रात्रीत मोजलेली ही माणसे असल्याने प्रत्यक्ष संख्या अधिक असणार, असे या क्षेत्रात काम करणारे मानतात. सर्वच मनोरुग्ण नाहीत, हे ठळकपणे सांगायला हवे. रस्त्यावरचे पुष्कळ लोक रोज काम करतात: बिगारी, हमाली, केटरिंगचे वाढपी, भंगार वेचणे. त्यांना काम आहे, घर नाही. शहरात एका खोलीसाठी मागितले जाणारे डिपॉझिट त्यांच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीइतके असते.

आणि ज्यांना कामासोबत जागा मिळते त्यांची तऱ्हा अशी. वॉचमनची नोकरी, राहायची सोय. हॉटेलात काम, रात्री टेबले सरकवून तिथेच पथारी. बांधकामावर मजूर, साइटवरच पत्र्याची खोली. सोयीचे वाटते, पण नोकरी गेली त्याच दिवशी घर जाते. डेंगीने पंधरा दिवस अंथरुणाला खिळलेला वॉचमन बरा होतो तेव्हा त्याच्या केबिनमध्ये दुसरा बसलेला असतो. बेघरपणाची सुरुवात अनेकदा अशा आजारपणातून होते. पुनर्वसन करणाऱ्या संस्था कौतुकाने ‘राहण्यासह नोकरी’ मिळवून देतात, तेव्हा हा धोका लक्षात घेणे भाग आहे.

कागदांची गाठ तर सगळ्यांना माहीत आहे. पत्ता नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून खाते नाही, खाते नाही म्हणून पगार नाही, पगार नाही म्हणून खोली नाही. ही गाठ सोडवायची वाट आहे: ज्याच्याकडे कोणताही कागद नाही, त्याला नोंदणीकृत परिचयकर्त्यामार्फत आधार काढता येतो, आणि रात्रनिवारा किंवा संस्थेचा पत्ता त्याच्या कामी येऊ शकतो. माणसाला हजार रुपये देण्यापेक्षा एक दिवस त्याच्याबरोबर आधार केंद्राच्या रांगेत उभे राहणे कितीतरी उपयोगी पडते. खिडकीवरचा माणूसही मग वेगळ्या आवाजात बोलतो.

निवाऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा. पुढे केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानात त्यासाठी निधीही आला. मुंबईसारख्या शहरात त्या प्रमाणात निवारे झाले नाहीत. दुसऱ्या बाजूला १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा आजही राज्यात लागू आहे. भीक मागताना दिसलेल्या माणसाला त्याखाली उचलून संस्थेत डांबता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या या कायद्यातल्या अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. डांबणे आणि राहायला देणे यांतला फरक आपल्या यंत्रणेला अजून पचलेला नाही.

मानसिक आजार असलेल्या बेघरांसाठी देशात काही वाटा मात्र घालून दिल्या गेल्या आहेत. कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ संस्था रस्त्यावरच्या रुग्णांना उपचार देऊन त्यांच्या गावी, घरी पोहोचवते. १९८८ पासून चाललेल्या या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. स्वतःच्या जिल्ह्याचे नावही न सांगू शकणारा माणूस दोन-तीन महिन्यांच्या औषधांनंतर गावाचे, आळीचे, भावाचे नाव सांगू लागतो, हे या कामात वारंवार घडते. खरी परीक्षा त्यानंतर असते. गावापासून औषध मिळण्याचे ठिकाण साठ किलोमीटरवर असेल, तर सहा महिन्यांत तोच माणूस पुन्हा एखाद्या गाडीत बसलेला असतो.

शिवाय प्रत्येकाला परतायला घर नसते, आणि काहींनी परत जाऊ नये असेच ते घर असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार सरकारी मनोरुग्णालयांतल्या रुग्णांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक जण तिथे वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ राहत होते. त्यातल्या पुष्कळांना उपचारासाठी तिथे असण्याची गरज नव्हती. बाहेर ठेवायला जागा नव्हती. यावर चेन्नईच्या ‘द बनियन’ या संस्थेने, जी वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी १९९३ मध्ये सुरू केली, २०१५ पासून ‘होम अगेन’ नावाचा उपक्रम चालवला. साध्या वस्तीत भाड्याचे घर. त्यात चार-पाच जणी मिळून राहतात. मदतीला त्याच भागातली, थोडे प्रशिक्षण घेतलेली बाई. बाजार, स्वयंपाक, शेजाऱ्यांशी भांडण, सणाची रांगोळी, जमेल तसे काम. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्यांसाठीही हा प्रयोग पोहोचला आहे. पाश्चात्त्य देशांत एकेकट्याला स्वतंत्र घर देतात. इथे एकत्र राहण्याची सवय आणि भाड्याचा आकडा पाहून ती कल्पना वळवून घेतली गेली. वर्षानुवर्षे वॉर्डात काढलेल्या बाईला ‘आज भाजी कुठली करायची’ असे कुणी विचारणे, हाही उपचारच.

कायद्याचा हात

२०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा या बाबतीत आश्चर्य वाटावे इतका स्पष्ट आहे. कलम १८ नुसार निराधार किंवा बेघर व्यक्तीला सरकारी आणि सरकारी अनुदानित ठिकाणी मानसिक आजारावरचे उपचार मोफत मिळायला हवेत. दारिद्र्यरेषेचे कार्ड मागता येत नाही. कलम १९ सांगते की घर नाही किंवा घरच्यांनी टाकले एवढ्याच कारणाने कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. समाजात राहण्यासाठी मदत करण्याची जबाबदारी सरकारची. आणि कलम १०० पोलिसांची कर्तव्ये सांगते. रस्त्यावर भरकटणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती आजारी असावी असे वाटल्यास पोलिसांनी तिला चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचे असते. कोठडीत ठेवायचे नसते. ती बेघर असेल, तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून कुटुंबाचा शोध घ्यायचा असतो.

एखादा माणूस आठवडाभर त्याच कोपऱ्यावर स्वतःशी बोलत, जखम उघडी टाकून बसलेला दिसला, तर या कलमाचा उल्लेख करून पोलीस ठाण्यात लेखी कळवता येते. ‘टेलीमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही सल्ला मिळतो. त्याचा व्हिडिओ काढून फिरवणे, चार जणांनी धरून केस कापणे, आंघोळ घालणे हे टाळावे. ज्याला आधीच सगळे जग अंगावर येते आहे असे वाटते, त्याला त्या दिवशी ते खरेच आलेले दिसते. रोज त्याच वेळी चहा नेऊन देणारा, नाव विचारणारा आणि उत्तर नाही आले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा येणारा माणूस त्याला दवाखान्यापर्यंत नेण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. या कामातले अनुभवी कार्यकर्ते या ओळख होण्याला आठवडे देतात.

पैशाचा मुद्दा शेवटी येतोच. कॅनडात काढलेल्या हिशेबानुसार, ज्यांच्यावर सर्वाधिक सरकारी खर्च होत होता अशा १० टक्के लोकांना घर दिल्यावर, गुंतवलेल्या दर १० डॉलरमागे सुमारे २२ डॉलर वाचले. रुग्णवाहिका, तुरुंग, रुग्णालयाच्या खाटा हा तो वाचलेला खर्च. आपल्याकडे हे गणित असे मांडता येणार नाही, कारण फुटपाथवरच्या माणसावर वाचवण्याजोगा खर्च मुळात कुणी करतच नाही. इथे हिशेब वेगळ्या वहीत मांडावा लागतो: खोलीचे डिपॉझिट, पहिल्या तीन महिन्यांचे भाडे, गादी, कुलूप, एक स्टोव्ह, आठवड्यातून दोनदा येऊन जाणारा एक माणूस, आणि अकरा महिन्यांच्या करारावर सही करायला तयार असलेला घरमालक. यातली शेवटची बाब मिळवणेच सर्वांत अवघड जाते, असा अनुभव आहे. म्हणून काही ठिकाणी करार संस्थेच्या नावाने होतो, भाडे वेळेवर देण्याची हमी संस्था घेते, आणि वर्षभर तक्रार आली नाही की पुढच्या करारावर राहणाऱ्याचे स्वतःचे नाव येते. तोच करार मग पत्त्याचा पुरावा म्हणून कामी येतो.